इंटरनेटची वाटचाल आणि मावळचा शेतकरी

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात, लोणावळ्याच्या दक्षिणेस, इंद्रायणीच्या उगमाकडील भागात भुशी हे ठिकाण आहे. पावसाळ्यात तेथील बंधाऱ्याच्या पायऱ्यांवरून वाहणारे पाणी पाहण्यास मुंबई-पुण्याकडील हजारो लोक जातात. हा बंधारा ब्रिटिश अमदानीत रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी पुरविण्यासाठी बांधला गेला, हे मात्र त्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. पुढे सन १९३० च्या सुमारास घाटातील गाड्या विजेवर चालू लागल्या. बांधण्यामागील मूळ कारण नाहीसे झाले, पण बंधारा राहिला आणि लोकांनी त्याचा निराळा उपयोग शोधला. ज्या साधनाची माहिती या लेखात द्यावयाची आहे, त्या इंटरनेटचीही हकीकत काहीशी अशीच आहे. ते एका कामासाठी निर्माण झाले आणि आज त्याचा वापर दुसऱ्याच शेकडो कामांसाठी होतो. शेतकऱ्याच्या सातबारापासून धानाच्या विक्रीपर्यंत त्याचा संबंध येऊ लागल्यामुळे ते कसे वाढले, कसे चालते आणि पुढे कोणत्या दिशेने जाईल, हे समजून घेणे प्रत्येक शेतकरी बंधू-भगिनीस उपयुक्त ठरेल.

घाटातून गेलेल्या वाटा

बोरघाट हा दळणवळणाचा जुना मार्ग आहे. सन १८३० मध्ये घाटातून गाडीरस्ता झाला. सन १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे आणि सन १८६३ मध्ये प्रत्यक्ष घाटातून लोहमार्ग सुरू झाला. याच काळात, सन १८५५ मध्ये, भारतात तारेची सेवा सामान्य जनतेस खुली झाली. सन १९१५ पासून लोणावळ्याच्या तलावांचे पाणी खोपोलीच्या वीजगृहात नेऊन मुंबईच्या गिरण्यांना वीज देण्यात येऊ लागली.

या साऱ्या सुधारणा मावळच्या भूमीवरून गेल्या. परंतु त्यांचा लाभ प्रथम दूरच्या शहरांस झाला. वीज येथे तयार झाली, तरी महाराष्ट्रातील बहुतेक खेड्यांत दिवा लागला तो स्वातंत्र्यानंतरच. शेजारच्या मुळशी भागात तर धरणाखाली जमिनी जाऊ लागल्या तेव्हा शेतकऱ्यांना सन १९२१ मध्ये सत्याग्रह करावा लागला. यावरून एक बोध घ्यावयाचा तो असा, की नवे साधन गावाजवळून जाणे आणि ते गावाच्या उपयोगी पडणे या दोन भिन्न गोष्टी होत. इंटरनेटच्या बाबतीतही हाच प्रश्न आज उभा आहे.

माहितीचे लहान गठ्ठे

दूरध्वनीच्या जुन्या पद्धतीत बोलणाऱ्या दोघांमध्ये एक तार सबंध वेळ अडकून राहत असे. ते दोघे गप्प बसले तरी ती तार दुसऱ्यास वापरता येत नसे. पाटाच्या पाण्याची पाळी एकाच शेतकऱ्याला देऊन, त्याचे दार बंद असतानाही दुसऱ्यास पाणी न देण्यासारखाच हा प्रकार होता.

इंटरनेटमध्ये निराळी युक्ती योजलेली आहे. पाठवावयाचा मजकूर, चित्र अथवा आवाज यांचे प्रथम अंकांत रूपांतर होते आणि मग त्याचे लहान लहान गठ्ठे पाडले जातात. प्रत्येक गठ्ठ्यावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता आणि गठ्ठ्याचा अनुक्रमांक घातलेला असतो. पन्नास पोती भात एकाच गाडीत न घालता वेगवेगळ्या बैलगाड्यांतून पाठवावे, ज्या गाडीस जी वाट मोकळी सापडेल तिने ती जावी, आणि मुक्कामाला पोचल्यावर पोत्यांवरील क्रमांक पाहून थप्पी लावावी, तसे हे आहे. एखादे पोते वाटेत गहाळ झाले, तर तेवढेच पुन्हा मागविता येते. एक वाट बंद पडली, तर गठ्ठे दुसऱ्या वाटेने जातात. एकाच तारेवरून हजारो लोकांचे गठ्ठे मिसळून जाऊ शकतात, म्हणून खर्चही कमी पडतो.

या तत्त्वावर अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या साहाय्याने ‘आर्पानेट’ नावाचे जाळे उभारण्यात आले. संशोधन संस्थांना एकमेकींची महागडी संगणकयंत्रे दुरून वापरता यावीत, हा त्याचा हेतू होता. दिनांक २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिस येथील विद्यापीठातून स्टॅनफर्ड येथील संस्थेकडे पहिला संदेश पाठविण्याचा प्रयत्न झाला. ‘लॉगिन’ हा शब्द पाठवावयाचा होता, पण पहिली दोन अक्षरे पोचताच यंत्र बंद पडले. प्रारंभ असा अडखळत झाला.

पुढे निरनिराळ्या देशांत व संस्थांत अशी अनेक जाळी झाली, पण प्रत्येकाची रीत वेगळी होती. या सर्वांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून व्हिंटन सर्फ व रॉबर्ट कान या दोघांनी सन १९७४ मध्ये समान नियमांची योजना मांडली. दिनांक १ जानेवारी १९८३ पासून आर्पानेटने ते नियम स्वीकारले. जाळ्यांचे जाळे, म्हणजेच इंटरनेट, हे खऱ्या अर्थाने या नियमांतून जन्मास आले. त्यानंतर स्वित्झर्लंडमधील सर्न या संस्थेत काम करणाऱ्या टिम बर्नर्स-ली यांनी सन १९८९ मध्ये, निरनिराळ्या यंत्रांवरील पाने एकमेकांस जोडण्याची पद्धत सुचविली. तिलाच ‘वेब’ म्हणतात. सन १९९३ मध्ये सर्नने ही पद्धत कोणासही विनामूल्य वापरण्यास मोकळी केली. विहिरीवर कुलूप न लावता ती गावास खुली करावी, तसा हा निर्णय होता. आणि वेबचा एवढा जलद प्रसार होण्याचे ते एक मोठे कारण आहे.

भारतात आगमन

बाहेरच्या जगाशी संदेशांची देवाणघेवाण करण्याचे काम पुणे जिल्ह्याला नवे नाही. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ आर्वी येथे सन १९७१ मध्ये उपग्रहाद्वारे संपर्क साधणारे भूकेंद्र सुरू झाले व परदेशांशी बोलणे सुलभ झाले. संगणकांच्या जाळ्याचा आरंभ भारतात सन १९८६ च्या सुमारास ‘एर्नेट’ या प्रकल्पाने झाला. पण ते शिक्षण व संशोधन संस्थांपुरते मर्यादित होते. सामान्य नागरिकांसाठी विदेश संचार निगमने दिनांक १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह मोठ्या शहरांत ही सेवा खुली केली.

त्या वेळची गती आज चमत्कारिक वाटेल. दूरध्वनीच्या तारेवरून सेकंदाला ९,६०० बिट एवढीच माहिती जात असे. आज एखाद्या शेतकऱ्याने भाताच्या करपलेल्या पानाचे छायाचित्र मोबाईलवर काढले, तर ते सहज वीस लाख बाइटांचे, म्हणजे एक कोटी साठ लाख बिटांचे असते. एवढे एक चित्र पाठविण्यास त्या काळी सुमारे अर्धा तास लागला असता. सध्या चांगल्या जोडणीवर त्यास काही क्षण पुरतात. सन १९९८ नंतर खाजगी कंपन्यांनाही सेवा देण्याची परवानगी मिळाली, सन २०१६ पासून मोबाईलवरील इंटरनेटचे दर झपाट्याने उतरले आणि दिनांक १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात पाचव्या पिढीच्या सेवेस प्रारंभ झाला. जुनी तारसेवा मात्र सन २०१३ च्या जुलै महिन्यात बंद करण्यात आली.

केवळ वेग वाढून भागण्यासारखे नव्हते. यंत्राला मराठी अक्षरे येणेही आवश्यक होते. पुणे येथे सन १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने भारतीय लिपी संगणकावर आणण्याचे महत्त्वाचे काम केले. पुढे ‘युनिकोड’ या जागतिक संकेतात देवनागरीचा समावेश झाल्यामुळे एका यंत्रावर लिहिलेले मराठी दुसऱ्या यंत्रावर तसेच वाचता येऊ लागले. आज सातबाराचा उतारा मोबाईलवर स्पष्ट मराठीत दिसतो, त्याच्या मुळाशी हे परिश्रम आहेत.

वारणेचा धडा

खेड्यातील शेतकऱ्यास संगणकाचे जाळे उपयोगी पडावे म्हणून महाराष्ट्रात झालेल्या प्रयत्नांपैकी वारणेचा प्रयोग विशेष प्रसिद्ध आहे. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणानगरच्या परिसरात सन १९९८ मध्ये केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेच्या सहकारी संस्था यांनी मिळून सत्तर गावांत संगणक केंद्रे उभारण्याचे ठरविले. शेतकऱ्याला तेथे पिकांची, बाजारभावांची व सरकारी योजनांची माहिती मिळावी, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात त्या केंद्रांचा मुख्य वापर कारखान्याच्या कामासाठी, म्हणजे उसाचे वजन, बिलाची रक्कम, खताची मागणी यांसाठी होत असल्याचे दिसून आले. पुढे काही गावांत संगणकाऐवजी मोबाईलवरून लघुसंदेश पाठवून हेच काम करून पाहण्यात आले आणि ते कमी खर्चात झाले.

यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, शेतकऱ्याची गरज प्रथम पाहावी आणि यंत्र नंतर निवडावे. दोन, आपल्या उसाचे वजन किती भरले हे घरबसल्या कळणे, ही शेतकऱ्याच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे.

भाव कळला म्हणजे भाव मिळतोच काय?

इंटरनेटमुळे शेतकऱ्यास चढा भाव मिळेल, असे अनेकदा सांगितले जाते. याची परीक्षा महाराष्ट्रातच झालेली आहे. सन २००७ पासून एका खाजगी सेवेद्वारे शेतकऱ्यांना मोबाईलवर बाजारभाव व हवामान कळविले जाऊ लागले. त्या सेवेचा परिणाम फाफशां व मिंटेन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातील शंभर गावांत तपासला. सन २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, संदेश मिळणाऱ्या शेतकऱ्यांना सरासरीने इतरांहून लक्षणीय अधिक भाव मिळाल्याचे आढळले नाही.

याउलट केरळच्या किनाऱ्यावर मोबाईल आल्यानंतर मासळीच्या भावातील तफावत पुष्कळ कमी झाली व मासळी वाया जाणे थांबले, असे रॉबर्ट जेन्सन यांनी सन २००७ मध्ये दाखवून दिले. हा फरक का पडला? कोळ्यांची होडी समुद्रात असतानाच त्यांना भाव कळत असे आणि होडी दुसऱ्या बंदराकडे वळविणे त्यांच्या हाती असे. ज्या शेतकऱ्याजवळ थोडाच माल आहे, गाडीभाडे परवडत नाही आणि व्यापाऱ्याची उचल डोक्यावर आहे, त्याला पलीकडच्या बाजाराचा भाव कळूनही तेथे जाता येत नाही. माहिती हे बी आहे. ते रुजण्यास वाहतूक, साठवण, भांडवल आणि संघटना यांची जमीन तयार असावी लागते.

मावळच्या शेतकऱ्यास याबाबतीत एक अनुकूलता आहे. वडगाव मावळ येथील कृषि संशोधन केंद्रातून सन १९८७ मध्ये प्रसारित झालेल्या ‘इंद्रायणी’ या सुवासिक भातास शहरांत मागणी आहे, आणि मुंबई व पुणे ही दोन्ही शहरे जवळ आहेत. पवनेच्या खोऱ्यातील हरितगृहांत होणाऱ्या गुलाबास तर दूरच्या बाजारांतूनही मागणी येते. गावातील पाच-दहा शेतकऱ्यांनी एकत्र येऊन तांदूळ एकसारखा भरडून घेतला, पिशवीवर वाण, वर्ष व वजन प्रामाणिकपणे लिहिले आणि मोबाईलवरून ग्राहकांशी थेट संबंध ठेवला, तर माहितीचे रूपांतर पैशात होऊ शकते. एकट्या शेतकऱ्यास हे जड जाते. गटास ते साधण्याजोगे आहे.

सरकारी कामे आणि पिकाची नोंद

सातबाराचा उतारा आता महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल स्वाक्षरीसह मिळतो. दिनांक १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली व आपल्या पिकाची नोंद शेतकऱ्यास स्वतः मोबाईलवरून करता येऊ लागली. ही नोंद नुकसानभरपाई, पीककर्ज व सरकारी खरेदी यांसाठी उपयोगी पडते. डोंगराळ भागात जेथे मोबाईलची खूण नीट मिळत नाही, तेथे या कामी अडचण येते. यास्तव अखेरच्या दिवसाची वाट न पाहता, मुदतीच्या आरंभीच नोंद करणे हिताचे आहे.

ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूंची तार नेण्याच्या योजनेस केंद्र सरकारने सन २०११ मध्ये मान्यता दिली. ती पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागली व सन २०२३ मध्ये तिचा विस्तार करण्याचे ठरले. तार पंचायतीच्या कचेरीपर्यंत आली तरी ती चालू आहे किंवा नाही, आणि शाळा, आरोग्य उपकेंद्र व सोसायटी यांना तिचा उपयोग होतो किंवा नाही, हे ग्रामसभेने वेळोवेळी विचारावे. न विचारलेली तार लवकर मुकी होते.

पाऊस, दरड आणि इशारा

मावळात इंटरनेटचा सर्वांत मोलाचा उपयोग कोणता, असे विचारल्यास जीव वाचविणे, हेच उत्तर द्यावे लागेल. दिनांक ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर दरड कोसळली व दीडशेच्या आसपास माणसे मृत्यू पावली. बाहेरच्या जगास ही वार्ता प्रथम कळली ती त्या वाटेने गेलेल्या एस.टी. बसच्या चालकाला गाव दिसेनासे झाल्यामुळे. दिनांक ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागील धबधब्याचा प्रवाह एकाएकी वाढून एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्या प्रसंगाची चित्रफीत थोड्याच वेळात देशभर पाहिली गेली. वरच्या डोंगरावर पाऊस वाढला आहे, ही सूचना मात्र खाली उभ्या असलेल्या माणसांना वेळेवर मिळाली नाही. चित्र जितक्या वेगाने पसरते तितक्याच वेगाने इशारा पोचला पाहिजे, हे यापुढील काळातील खरे काम होय.

त्या दिशेने काही साधने तयार झालेली आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप विजेचा धोका जवळ आल्यास सूचना देते. ‘मेघदूत’ या ॲपवर जिल्ह्यासाठी आठवड्यातून दोनदा, मंगळवारी व शुक्रवारी, हवामानावर आधारित कृषि सल्ला मिळतो. ‘महावेध’ प्रकल्पाखाली राज्यात महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे बसविण्यात आली. तसेच एखाद्या भागातील सर्व मोबाईलांवर एकदम धोक्याची सूचना वाजविण्याच्या पद्धतीची चाचणी सन २०२३ मध्ये देशात घेण्यात आली. या पद्धतीस इंटरनेट लागत नाही, हे विशेष. तथापि डोंगरातील पाऊस मैलामैलावर बदलतो. म्हणून ॲपवर सूचना आली नाही, तरी ओढ्याचे पाणी गढूळ होणे, डोंगरास भेगा पडणे, झाडे कलणे, झऱ्याची जागा बदलणे ही लक्षणे दिसताच स्थलांतर करावे.

पुढे काय घडेल?

पुढील काळात चार बदल संभवतात.

पहिला बदल पत्त्यांचा व वस्तूंचा. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत सुमारे ४२९ कोटी पत्ते शक्य होते. त्यांचा मध्यवर्ती साठा सन २०११ मध्ये संपला. नव्या पद्धतीत पत्त्यांची उणीव पडणार नाही. त्यामुळे माणसांप्रमाणेच विहिरीवरील पंप, जमिनीतील ओलावा मोजणारे यंत्र, हरितगृहातील तापमापक हेही जाळ्याशी मोठ्या प्रमाणावर जोडले जातील.

दुसरा बदल उपग्रहांचा. पृथ्वीच्या जवळून फिरणाऱ्या शेकडो लहान उपग्रहांद्वारे इंटरनेट देण्याची पद्धत जगात रूढ होत आहे व भारतातही काही कंपन्यांना त्याचे परवाने मिळाले आहेत. जेथे तार नेणे कठीण, अशा घाटमाथ्यावरील वाड्यावस्त्यांना तिचा उपयोग होऊ शकेल. त्या सेवेचा दर किती ठरतो, यावर पुष्कळ अवलंबून राहील.

तिसरा बदल बोलण्याचा. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाने आपल्या बोलीत प्रश्न विचारावा आणि यंत्राने मराठीत उत्तर द्यावे, हे आता शक्य झाले आहे. महाराष्ट्र शासनाने सन २०२५ मध्ये शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी धोरण मंजूर केले असून ‘महाविस्तार’ नावाचे ॲपही त्याच वर्षी सुरू झाले. अशा यंत्राचे उत्तर सफाईदार असते, पण ते प्रत्येक वेळी बरोबर असेलच असे नाही. करपा व अन्नद्रव्याची कमतरता यांची लक्षणे कधी कधी सारखी दिसतात. चुकीच्या निदानावर केलेल्या फवारणीने पैसा जातो व पीकही सुधारत नाही.

चौथा बदल मालकीचा. आपल्या जमिनीची, पिकाची, कर्जाची व उत्पन्नाची माहिती दिवसेंदिवस जाळ्यावर साठत आहे. व्यक्तीच्या माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने सन २०२३ मध्ये कायदा केला आहे. ही माहिती शेतकऱ्याच्या हितासाठी वापरली जाते की त्याला माल विकण्यासाठी, हे कायद्याइतकेच शेतकऱ्याच्या जागरूकतेवरही अवलंबून राहील.

शेतकऱ्यांनी लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

१. मोबाईलवर आलेला ओटीपी, बँकेचा पिन अथवा आधारची माहिती कोणासही सांगू नये. पैसे स्वीकारण्यासाठी पिन घालावा लागत नाही. जो तसे सांगतो तो फसवीत आहे असे समजावे.

२. अनुदान किंवा हप्ता मिळेल असे सांगणारी अनोळखी फाईल अथवा ॲप मोबाईलवर उतरवून घेऊ नये.

३. फसवणूक झाल्यास लाज न बाळगता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

४. चित्रफितीत पाहिलेले औषध वापरण्यापूर्वी बाटलीवरील पत्रक वाचावे. ते औषध त्या पिकासाठी शिफारस केलेले असल्याची खात्री करावी व गावच्या कृषि कर्मचाऱ्याचा किंवा संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक विनामूल्य आहे.

५. खते देण्यापूर्वी व फवारणीपूर्वी पुढील दोन-तीन दिवसांचा पावसाचा अंदाज पाहावा. मुसळधार पावसापूर्वी दिलेला युरिया ओढ्याला जातो.

६. सातबारा, पीक पाहणीची पोच, विम्याची पावती यांची छापील प्रत घरी जपून ठेवावी.

७. घरातील शिकलेल्या मुला-मुलींनी वडीलधाऱ्यांना, विशेषतः शेतात राबणाऱ्या भगिनींना, मोबाईलचा वापर शिकवावा. दर आठवड्यास एक तास दिला तरी पुरे.

८. प्रत्येक वाडीत पावसाळ्यापुरते दोन जबाबदार माणसे नेमावीत. त्यांनी हवामानाचा इशारा रोज पाहून, ज्यांच्याजवळ मोबाईल नाही अशा घरी तो स्वतः जाऊन सांगावा.